घरच्या भिंतींची घरींच दुरुस्ती

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी मराठींत एक जुनी म्हण आहे. म्हणीचा रोख खर्चावर आणि यातायातीवर आहे, आणि तो खराही आहे. परंतु घर बांधण्याची यातायात एकदांच होते. घर राखण्याची यातायात मात्र घर उभें असेपर्यंत संपत नाहीं. छप्पर गळलें तर तें त्याच रात्रीं समजतें, कारण पाणी अंथरुणावर पडतें. दरवाजाची बिजागरी कुरकुरली तर ती कानाला समजते. भिंतीचें तसें नाहीं. ती वर्षानुवर्षें मुकाट्यानें सोसते आणि तिची व्यथा बाहेर प्रगट होते ती एखाद्या पिवळसर डागाच्या, उचललेल्या पोपड्याच्या किंवा बोटाला लागणाऱ्या पांढऱ्या भुकटीच्या रूपानें. अशा वेळीं घरधनी काय करतो? डागावर कॅलेंडर टांगतो, पोपड्यापुढें कपाट सरकवितो आणि दिवाळी तोंडावर आली म्हणजे सगळ्यावर रंगाचा एक हात फिरवून मोकळा होतो. पुढल्या श्रावणांत तोच डाग त्याच जागीं, किंचित् विस्तार पावून, पुन्हां हजर असतो. रंगाचे पैसे वायां गेले एवढ्यावरच हें थांबत नाहीं. रंगाखालीं कोंडलेल्या पाण्यानें भिंतीचें दुखणें वर्षभरांत आणखी आंत शिरलेलें असतें.

अंगावर पुळ्या उठल्या म्हणून शहाणा वैद्य त्यांवर पावडर फांसून रोग्याला घरीं पाठवीत नाहीं. त्या कशानें उठल्या हें तो आधीं पाहतो. भिंतीच्या बाबतींतही हाच क्रम योग्य होय. डाग हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे. म्हणून भिंतीच्या दुरुस्तीचे तीन नियम सांगतां येतील. पहिला, पाणी कोठून येतें तें शोधून तें आधीं बंद करावें. दुसरा, भिंत कशाची आहे तें ओळखावें. तिसरा, जी भिंत ज्या वस्तूची असेल तिची दुरुस्ती त्याच जातीच्या वस्तूनें करावी. हे तीन नियम ज्याला उमगले त्याला घराच्या आंतल्या बाजूची पुष्कळशी दुरुस्ती स्वतःच्या हातांनीं व थोडक्या खर्चांत करतां येते. आणि जेथें गवंड्यावांचून गत्यंतर नाहीं तेथें निदान गवंड्याशीं समजून बोलतां येतें.

प्रथम पाण्याचा विचार करूं. भिंतींत पाणी शिरण्याचे मार्ग चार. एक वरून : फुटलेलें कौल, तडकलेली गच्ची किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर. अशा डागाला बहुधा तपकिरी कांठ असतो आणि पावसाची मोठी सर येऊन गेली कीं कांहीं तासांतच तो वाढतो. न्हाणीघराचा डाग मात्र पाऊस नसतांनाही ओला राहतो. दुसरा मार्ग बाजूचा : खिडकीच्या चौकटीभोवतालची फट किंवा बाहेरच्या गिलाव्याचा तडा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा, म्हणून त्या अंगाच्या भिंती अधिक भिजतात. तिसरा मार्ग खालचा. याची ओल जमिनीपासून वर चढते, बहुधा दोन-तीन फुटांवर येऊन थांबते आणि तेथें भिंतीवर वांकडीतिकडी आडवी रेघ उमटते. चौथा मार्ग आंतलाच : स्वयंपाकाची वाफ, न्हाणीची वाफ, पावसाळ्यांत घरांत वाळत घातलेले कपडे. ही वाफ थंड भिंतीवर जमते आणि कपाटामागें, कोपऱ्यांत, जेथें वारा खेळत नाहीं तेथें काळी बुरशी धरते.

ओल भिंतींतून येते कीं हवेंतून, याची परीक्षा अगदीं सोपी आहे. हातभर रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन तो भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या भिंतीकडील अंगावर पाण्याचे थेंब जमले तर पाणी भिंतींतून येत आहे. खोलीकडील अंगावर जमले तर दोष हवेचा आहे. हवेचा दोष असेल तर खिडकी उघडणें, कपाट भिंतीपासून वीतभर पुढें ओढणें आणि कपडे बाहेर वाळविणें, एवढ्या बिनपैशाच्या उपायांनींही पुष्कळ काम होतें. बुरशी कोरड्या झाडूनें झाडूं नये, तिचे कण हवेंत उडतात. साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें ती पुसून काढावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत ओलसर घरांचा दमा व श्वसनाच्या विकारांशीं असलेला संबंध स्पष्ट मांडला आहे. तेव्हां भिंतीची ओल हा केवळ शोभेचा प्रश्न नाहीं. त्या खोलींत निजणाऱ्या मुलाच्या छातीचा तो प्रश्न आहे.

खालून चढणारी ओल सर्वांत चिवट. दिव्याची वात जसें तेल ओढते तशी भिंत आपल्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनींतील पाणी वर ओढते. या पाण्यांत विरघळलेले क्षार असतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातें आणि क्षार मागें राहतात. त्यांचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि गिलाव्याला आंतून ढकलून त्याचा भुगा करतात. यालाच लोणा लागणें म्हणतात. किनारपट्टीवर खाडीची खारी वाळू न धुतां गिलाव्यांत वापरली असेल तर लोणा त्या वाळूंतूनच येतो. लोणा पाण्यानें धुणें ही सर्वसाधारण चूक आहे. धुतल्यानें क्षार विरघळून पुन्हां भिंतींत जातात. तो कोरड्या ब्रशानें झाडून, सुपलींत गोळा करून, घरापासून दूर टाकावा. मूळ उपाय मात्र घराबाहेर असतो. जोत्याला टेकून वर्षानुवर्षें साठलेली माती उकरून बाहेरची जमीन घरांतल्या जमिनीहून खालीं न्यावी. पागोळ्यांचें पाणी भिंतीच्या पायाशीं न पडतां पन्हळीनें लांब जाईल असें करावें. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंड्या हलवाव्यात. कुदळ आणि घमेलें एवढ्या सामग्रीवर हें काम होतें, आणि रंगाच्या दहा डब्यांनीं जें साधत नाहीं तें यानें साधतें.

आतां भिंत ओळखण्याविषयीं. देशावरच्या जुन्या वाड्यांत काळ्या दगडाचें जोतें, त्यावर विटांची अगर मातीची भिंत आणि तिला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असे. कोंकणांत जांभ्या चिऱ्याची भिंत असे. चुना बैलाच्या घाणींत वाळूबरोबर मळला जाई. त्यांत गुळाचें, बेलफळाचें किंवा हिरड्याचें पाणी घालण्याचीही चाल होती. सिमेंट ही त्या मानानें अलीकडची वस्तु. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलँड सिमेंटचा हक्क १८२४ सालीं नोंदविला, आणि काठेवाडांत पोरबंदर येथें तें १९१४ सालापासून तयार होऊं लागलें. अर्थात् त्यापूर्वींच्या घरांत सिमेंट असण्याचा फारसा संभव नाहीं. आणि नंतरच्याही पुष्कळ खेड्यांतील घरांत तें नाहीं. परीक्षा अशी : कपाटामागें, कोणाला दिसणार नाहीं अशा जागीं, खिळ्यानें भिंत थोडी खरडावी. पाण्याचें बोट लावतांच जी मऊ होऊन चिखलासारखी हाताला लागते ती माती. जी पांढरट असून खिळ्यानें सहज उकरते आणि पाण्यानें विरघळत नाहीं तो चुना. जी करडी असून खिळा तिच्यावरून घसरतो तें सिमेंट.

ही ओळख कां हवी? माती आणि चुना या दोन्ही वस्तू सच्छिद्र आहेत. पावसाळ्यांत त्या ओल घेतात आणि उघाडींत ती परत हवेला देतात. भिंत श्वास घेते असें म्हणतात तें याच अर्थानें. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांखालचा गिलावा मातीचा आहे. त्यांत दगडाची कच, भाताचें तूस आणि वनस्पतींचे तंतु मिसळलेले आहेत. त्यावर काढलेल्या चित्रांपैकीं पुष्कळशीं सुमारें दीड हजार वर्षें टिकून आहेत, यावरून अशा साध्या वस्तूंची योग्यता ध्यानांत यावी. याच्या उलट सिमेंटचा गिलावा घट्ट, ताठ आणि ओल सहजीं बाहेर न सोडणारा. नव्या काँक्रीटच्या घरांत तो आपल्या जागीं योग्य आहे. परंतु जुन्या मऊ भिंतीवर तो चढविला म्हणजे दोन गोष्टी घडतात. भिंतींतील ओलीला बाहेर पडण्याची वाट राहत नाहीं, म्हणून ती आणखी वर चढते. ज्या घरांत लोणा पूर्वीं दोन फुटांवर थांबत असे तेथें तो खिडकीपर्यंत पोंचतो. आणि ऊन-पावसानें मऊ भिंत हलते तेव्हां ताठ गिलावा तिच्याबरोबर हलत नाहीं; तो तडकतो, सुटतो आणि सुटतांना आपल्याबरोबर विटेचें तोंडही उपटून नेतो. प्लॅस्टिकच्या रंगाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. डब्यावर कांहींही लिहिलेलें असो, ओलसर जुन्या भिंतीवर असा रंग म्हणजे घामानें भिजलेल्या माणसाला मेणकापड पांघरण्यासारखें आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसही ओलीच्या जागीं निरुपयोगी. तें पाण्यानें मऊ पडतें.

कोणतें काम घरच्या माणसानें करूं नये, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. केसासारख्या बारीक चिरा निरुपद्रवी असतात. तडा वाढतो आहे कीं थांबला आहे हें पाहण्यासाठीं त्याच्या दोन्ही टोंकांशीं पेन्सिलीनें आडवी खूण करून शेजारीं तारीख लिहावी आणि एक पावसाळा जाऊं द्यावा. तडा खुणेच्या पुढें गेला, त्यांत पेन्सिलीचें टोंक शिरूं लागलें, दाराच्या कोपऱ्यापासून तो तिरपा चढला, किंवा भिंतीला पोट सुटलेलें दिसलें, तर थापी खालीं ठेवून इंजिनियराला बोलवावें. गिलावा म्हणजे भिंतीचें बळ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत झालेल्या भूकंपांत सात हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं, तीं बहुतांशीं दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदें अंगावर कोसळून. अशा भिंतींचीं आंतलें व बाहेरचें हीं दोन तोंडें एकमेकांस बांधणारे आरपार दगड नसले म्हणजे हादऱ्यानें तीं अलग होतात. पोट सुटलेल्या भिंतीवर सफेदी करणें म्हणजे धोक्याची सूचना स्वतःच्या हातानें पुसून टाकणें होय.

कामाला आरंभ करण्यापूर्वीं चार दक्षता घ्याव्यात. भिंतीवर विजेचीं बटणें असतील तर मुख्य बटण बंद करावें. तारा बहुधा बटणापासून सरळ वर किंवा आडव्या गेलेल्या असतात, तेथें छिन्नी मारूं नये. जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासूं नये. भारतांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असण्याचा संभव धरूनच चालावें. शिशाची धूळ लहान मुलांच्या बुद्धीला अपाय करते. म्हणून असा रंग पाण्यानें भिजवून खरडावा, तोंडाला चांगला मुखवटा बांधावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या घरांतून दूर ठेवावें आणि जमीन ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. तिसरी दक्षता चुन्याची. कळीच्या चुन्यावर पाणी पडतांच तो उकळतो. हें काम नवशिक्यानें मुळींच करूं नये, पोत्यांत मिळणारा विरलेला चुना आणावा. तोही हाताला व डोळ्यांना जाळणारा आहे, म्हणून रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. डोळ्यांत शिंतोडा गेलाच तर निदान वीस मिनिटें स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं डोळा धरावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावें. चौथी, शिडी दोघांनीं मिळून वापरावी. एकानें चढावें व एकानें धरावी.

आतां प्रत्यक्ष कृति. समजा, चुन्याच्या भिंतीवर परातीएवढी जागा फुगलेली आहे. बोटाच्या पेरानें ठोकीत जावें. भरीव जागेचा आवाज टणक येतो, सुटलेल्या जागेचा भदभदीत. जेवढें भदभदीत तेवढें सगळें काढून टाकावें. दया करूं नये, कारण सुटलेल्या गिलाव्यावर केलेलें काम त्याच्यासह पडतें. कडा किंचित् आंतून कापाव्या, म्हणजे नवा गिलावा जुन्याच्या खालीं अडकून बसतो. धूळ झाडून जागेवर पाणी शिंपडावें. कोरडी भिंत गिलाव्यांतील पाणी शोषून घेते आणि मग चुना धरत नाहीं. विरलेला चुना आदल्या दिवशीं पाण्यांत भिजवून दह्यासारखा घट्ट करून ठेवावा. जितका अधिक मुरेल तितका तो हाताला लोण्यासारखा लागतो. एक भाग चुना व तीन भाग चाळलेली, गोड्या पाण्यानें धुतलेली वाळू, असें प्रमाण घेऊन भरपूर मळावें. मळण्याचा कंटाळा हा या कामाचा शत्रु आहे. पाणी वाढवून मऊपणा आणण्याऐवजीं मळून आणावा. एका थराची जाडी आठ-दहा मिलिमीटरांहून अधिक नसावी. थापीनें दाबून लावावें, ओला असतांनाच खिळ्यानें वर चौकड्या ओढाव्या, म्हणजे पुढला थर धरतो, आणि कांहीं दिवसांनीं दुसरा थर द्यावा. शेवटीं लांकडी फळी गोल फिरवून जुन्या गिलाव्याशीं पातळी साधावी. यानंतरचें काम म्हणजे वाट पाहणें. चुना नुसता वाळत नाहीं. हवेंतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सावकाश शोषून तो पुन्हां चुनखडीचा दगड बनतो. त्यास ओलावा लागतो. म्हणून आठवडाभर त्यावर ओलें गोणपाट टांगावें आणि पंखा बंद ठेवावा.

मग सफेदी. येथें नवशिका हटकून एक चूक करतो. चुन्याचें पाणी भिंतीवर लावतांच पारदर्शक दिसतें, डाग जसाच्या तसा दिसतो. म्हणून तो हात घट्ट करतो. वस्तुतः चुन्याचा रंग ओला असतांना दिसत नाहीं, वाळल्यावर उमटतो. म्हणून चुना फडक्यांतून गाळून दुधासारखा पातळ करावा. वाटल्यास त्यांत तांदळाची पेज किंवा भिजवलेला डिंक थोडासा घालावा, म्हणजे कपड्यांना लागत नाहीं. शुभ्रतेसाठीं चिमूटभर नीळही चालते. भिंत ओलसर करून पहिला हात उभा, दुसरा आडवा, असे तीन ते पांच हात एकेक दिवसाच्या अंतरानें द्यावेत. पातळ पांच हात टिकतात, घट्ट एक हात पोपडे होऊन पडतो. रंगीत भिंत हवी असेल तर गेरू, काव किंवा पिवडी यांसारखे मातीचे रंगच चुन्यांत मिसळावेत. इतर कित्येक रंगांना चुना खाऊन टाकतो. गोमंतकांत व कोंकणच्या किनाऱ्यावर चुन्याच्या गिलाव्यावर कावेनें रंगविलेलीं जुनीं देवळें आहेत, त्यांवरून चुन्याशीं कावेची मैत्री किती जुनी आहे तें दिसतें.

मातीच्या भिंतीची दुरुस्ती याहून सोपी. चाळलेली माती, भुसा व थोडें शेण चार दिवस भिजत घालून, तुडवून, ओल्या केलेल्या खळग्यांत भरावें. आधीं हातभर जागेवर नमुना करून पाहावा. वाळतांना तडे गेले तर वाळू किंवा भुसा वाढवावा. सिमेंटच्या भिंतीला एकास चार या प्रमाणांत सिमेंट व वाळू घ्यावी आणि सात दिवस पाणी मारावें. विटेची भिंत व काँक्रीटची तुळई यांच्या सांध्यावरचा तडा मात्र नुसत्या लुकणानें बुजत नाहीं, कारण दोन्ही निरनिराळ्या हलतात. तेथें जाळीची पट्टी घालून मग लुकण भरावें.

राहतां राहिला काळाचा प्रश्न. घरोघर रंगसफेदी दिवाळीपूर्वीं होते. सफेदीचा काळ म्हणून तो वाईट नाहीं, कारण किंचित् ओलसर भिंतीवर चुना उलट अधिक धरतो. परंतु पाऊस जाऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले असतात आणि भिंत आंतून वाळलेली नसते. घट्ट रंग लावण्यास याहून वाईट मुहूर्त सांपडणें कठीण. म्हणून दिवाळीला नुसती चुन्याची सफेदी करावी; गिलाव्याची दुरुस्ती मार्गशीर्ष ते माघ या थंड व कोरड्या महिन्यांत करावी; आणि कौलें, पन्हळी व बाहेरचे तडे यांची पाहणी वैशाखांत, पावसाच्या आधीं, करावी. वर्षांतून असा तीनदां भिंतीकडे हात गेला म्हणजे मोठ्या खर्चाची वेळ सहसा येत नाहीं.

सारवणें, पोतेरें घालणें, चुना देणें हीं कामें फार जुनी विद्या नव्हेत. अनेक घरांत तीं कालपरवांपर्यंत घरच्या बायका व मुलें करीत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, परंतु कोणत्या कोपऱ्यांत ओल येते, कोणत्या भिंतीला चुना कमी धरतो, हें त्यांच्या तळहाताला ठाऊक होतें. रंगाचा डबा घरांत आला, तसतसें तें ज्ञान घराबाहेर जाऊं लागलें. आणि तें गेलें कीं घरधनी स्वतःच्याच घरांत परका होतो, जो जें सांगेल तें ऐकतो आणि मागेल तो दाम देतो. तें ज्ञान परत आणण्यास पैसा लागत नाहीं. येत्या रविवारीं कॅलेंडर उतरवावें, कपाट पुढें ओढावें, मुलांना बरोबर घ्यावें आणि बोटाच्या पेरानें भिंत ठोकीत एकदां सबंध खोलीभर फिरावें. कोठें टणक वाजतें आणि कोठें भदभदीत, हें ज्या मुलाला दहाव्या वर्षीं कळलें तो मोठेपणीं भिंतीवर रंग चढविण्यापूर्वीं तिचें दुखणें कोठें आहे तें आधीं विचारील.